सोन्याच्या वाटेनं आलेलं आरडीएक्स

आजचा भाग ऐकताना शक्य असेल तर फोनवर नकाशा उघडून ठेवा. (बाइकवर असाल तर आत्ता नको, घरी गेल्यावर बघा.) रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन शोधा आणि तिथून किनाऱ्याकिनाऱ्यानं वर, दिवेआगरच्या दिशेनं सरका. मध्ये शेखाडी नावाचं छोटं गाव लागेल. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधून वळणं घेत जाणारा रस्ता. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी या रस्त्यावर रील काढलं असेल. लोक मुद्दाम वाट वाकडी करून तिथे जातात, आणि रस्ता तसा देखणा आहेच.

फेब्रुवारी १९९३ मध्ये या शेखाडीच्या किनाऱ्यावर, दोन वेगवेगळ्या रात्री, बोटींतून माल उतरला. त्याआधी जानेवारीत थोडं उत्तरेला, राजपुरी खाडीवरच्या दिघीला एक खेप येऊन गेली होती. मालात रायफली होत्या, हातबॉम्ब होते, काडतुसं होती आणि आरडीएक्स होतं. १२ मार्चला, शुक्रवारी दुपारी दीडच्या सुमारास, मुंबई शेअर बाजाराच्या इमारतीत पहिला स्फोट झाला. मग एकामागून एक: झवेरी बाजार, एअर इंडियाची इमारत, दादरचं प्लाझा, वरळीचं सेंच्युरी बाजार, उपनगरातली हॉटेलं. २५७ माणसं गेली. जखमी सातशेच्या वर.

या घटनेवर पुस्तकं आहेत, सिनेमा आहे, वेबसीरिज आहेत. त्या बहुतेक 'कोणी केलं' याभोवती फिरतात, आणि ते स्वाभाविक आहे. मला आज दुसराच प्रश्न घ्यायचा आहे. इथेच का? पाकिस्तानची सागरी हद्द शेखाडीपासून कित्येकशे किलोमीटर लांब आहे. सीमेवरचं म्हणावं असं या गावात काहीच नाही. तरी स्फोटकांनी भरलेली पोती रात्री इथे उतरतात, डोक्यावरून, खांद्यावरून गाड्यांत जातात, मुंबईत पोहोचतात, आणि वाटेत भेटणाऱ्या एकाही माणसाला ते इतकं विचित्र वाटत नाही की तो आरडाओरडा करेल. हे कसं?

त्याचं उत्तर शोधायला चाळीस वर्षं मागे जावं लागतं. आणि सुरुवात करावी लागते सोन्यापासून.

आधी किनारा बघा

महाराष्ट्राचा किनारा साधारण ७२० किलोमीटरचा, असं आपण शाळेत शिकलो. पण तो एक सरळ रेघ नाही. सह्याद्रीतून निघालेल्या छोट्या छोट्या नद्या पश्चिमेला धावतात आणि समुद्राला मिळताना खाड्या करतात. धरमतर, राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग. खाडीत भरतीचं पाणी आत, कित्येक किलोमीटर शिरतं. दोन खाड्यांच्या मध्ये डोंगराचं टोक समुद्रात घुसलेलं, आणि टोकाच्या आडोशाला पुळण. म्हणजे खुल्या समुद्रावरून गस्त घालणाऱ्याला दिसणार नाही अशी जागा दर काही मैलांवर.

हे आपल्या पूर्वजांना चांगलं माहीत होतं. राजपुरी खाडीच्या तोंडाशी जंजिरा उगाच नाही बांधला. खाडीचं तोंड ज्याच्या हातात, त्याच्या हातात आतला व्यापार. सिद्दींनी तो किल्ला शिवाजी महाराजांच्या आणि संभाजी महाराजांच्या काळातही सोडला नाही, तो याच हिशेबानं.

रस्त्याचं मात्र उलट. कोकणात किनाऱ्याला समांतर जायचं तर प्रत्येक खाडी आडवी येते. पूल नसेल तर तर, तर नसेल तर लांबचा वळसा. त्यामुळे जुन्या काळी इथल्या माणसाला शेजारच्या तालुक्यापेक्षा मुंबई जवळची वाटायची, कारण मुंबईला बोट जायची. श्रीवर्धन ते मुंबई समुद्रातून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आसपास. रस्त्यानं जायचं तर म्हसळा, माणगाव करत मुंबई-गोवा हायवेला लागायचं, अंतर जवळपास दुप्पट. पोलीस, कस्टम, महसूल, सगळ्या सरकारी गाड्या रस्त्यानं येणार. बोट पाण्यानं येणार. हा फरक लक्षात ठेवा.

आणि पलीकडे, अरबी समुद्राच्या दुसऱ्या काठाला, मस्कत आणि दुबई. मोसमी वारे पकडून वल्ही-शिडांची गलबतं या दोन काठांमध्ये शेकडो वर्षं ये-जा करत होती. खजूर, घोडे, लाकूड, कापड, मोती. यातलं काहीच गुन्हा नव्हतं.

रुपया दुबईत चालायचा तेव्हा

ही गोष्ट मला फार आवडते, आणि कितीतरी जणांना ती माहीतच नसते. १९५० च्या दशकात दुबईत, बहारीनमध्ये, कतारमध्ये रोजच्या व्यवहाराला चलन कोणतं होतं? भारतीय रुपया. आखातावर ब्रिटिशांचा वचक होता आणि तो कारभार बराच काळ हिंदुस्थानातून चालायचा, त्यामुळे स्वातंत्र्यानंतरही रुपया तिथे चालू राहिला.

आता हिशेब करा. १९६० च्या सुमारास जगाच्या बाजारात सोन्याचा अधिकृत भाव ३५ डॉलरला एक औंस. त्या वेळच्या दरानं १० ग्रॅमला साधारण ५४ रुपये. मुंबईत तेच १० ग्रॅम शंभर रुपयांच्या वर. का? कारण परकीय चलन वाचवण्यासाठी सरकारनं सोन्याची आयात बंद केली होती, पण लग्नं काही बंद केली नव्हती. मागणी तशीच, पुरवठा तुटलेला. समुद्राच्या एका काठाला भाव निम्मा, दुसऱ्या काठाला दुप्पट, आणि दोन्हीकडे नोट एकच. भारतातून रुपयांच्या नोटा गुपचूप दुबईला न्यायच्या, तिथे सोनं घ्यायचं, परत यायचं. त्या नोटा शेवटी रिझर्व्ह बँकेकडे पौंड मागायला यायच्या. म्हणजे चोरट्या सोन्याचं बिल सरकारच भरत होतं.

१९५९ मध्ये सरकारनं यावर उपाय काढला: आखातासाठी वेगळ्या नोटा. छापणारी रिझर्व्ह बँकच, पण रंग वेगळा आणि क्रमांकाच्या आधी 'झेड' अक्षर. त्यांना लोक 'गल्फ रुपी' म्हणत. भारतात ती नोट चालणार नाही. थोडक्यात, समुद्रावर रेघ मारता येत नाही म्हणून नोटेवर मारली. जून १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं तेव्हा आखातातल्या बहुतेक राज्यांनी रुपया सोडून दिला.

सोनं मात्र येत राहिलं. उलट वाढलं. चीनशी युद्ध झाल्यानंतर जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले. नवे दागिने १४ कॅरटच्या वर करायचे नाहीत, असा त्यातला एक नियम. देशभरच्या सोनारांचे संसार त्यात उघड्यावर पडले, तो वेगळ्या भागाचा विषय आहे. १९६८ मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदाच झाला. सरकारचा अंदाज असा की लोकांची सोन्याची हौस कायद्यानं कमी होईल. आपल्याकडच्या कोणत्याही आजीला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं.

दुबईत सोनं आणणं हा मात्र पूर्ण कायदेशीर धंदा होता. लंडनहून विमानानं सोनं यायचं, उघडपणे विकलं जायचं. दुबईच्या दृष्टीनं ती निर्यात. आपल्या हद्दीत शिरल्यावर तोच माल स्मगलिंग. दहा तोळ्यांची छोटी लगड, वजन ११६ ग्रॅमच्या थोडं वर, जिला सगळे 'बिस्किट' म्हणायचे. कापडी जाकिटाला शंभर कप्पे शिवलेले, प्रत्येकात एक बिस्किट. साडेअकरा किलो सोनं एका माणसाच्या अंगावर. येताना सोनं, जाताना चांदी, कारण चांदीचा भाव तेव्हा उलट दिशेनं खेचत होता.

आणि फक्त दुबई नव्हती. १९६१ पर्यंत गोवा, दमण आणि दीव पोर्तुगीजांकडे होते. तिथे घड्याळं, व्हिस्की, सोनं यांवरचे कर आपल्यापेक्षा कितीतरी कमी. इकडे मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा. सावंतवाडीच्या बाजूनं आणि दमणच्या बाजूनं माल आत यायचा. पुढे सुकुर नारायण बखिया हे नाव गाजलं ते दमणमधूनच. पोर्तुगीज गेले, सीमा पुसली गेली, पण रात्री बोट कुठे लावायची हे माहीत असलेली माणसं तिथेच राहिली.

लँडिंग नावाची नोकरी

सिनेमात स्मगलर म्हणजे पांढरे बूट, पांढरा सूट, परदेशी गाडी. हाजी मस्तान खरोखर पांढरे कपडे घालायचा, ते सोडा. पण धंदा त्याच्यासारख्या चार नावांवर चालत नव्हता. तो चालायचा किनाऱ्यावरच्या माणसांवर.

दुबईहून आलेलं मोठं जहाज किनाऱ्याला लागत नाही, ते खोल पाण्यात थांबतं. तिथपर्यंत मासेमारीची बोट घेऊन जाणारा तांडेल लागतो, ज्याला अंधारात खडक कुठे आहेत ते पाठ आहे. भरतीची वेळ सांभाळावी लागते, कारण ओहोटीला बोट रेतीत रुतली की संपलं. जून ते ऑगस्ट धंदा बंद, दर्या खवळलेला. पोती उतरवायला गावातले पंधरा-वीस जण लागतात. मग ट्रक, जीप. जीपच्या पत्र्याखाली चोरकप्पे करून देणारा गॅरेजवाला. वाटेतल्या चौकीवरचा हवालदार. कस्टमचा साहेब. आणि या सगळ्यांची मोट बांधणारा 'लँडिंग एजंट'. प्रत्येक खेपेला प्रत्येकाचा दर ठरलेला.

इथे मला एक गोष्ट ठासून सांगायची आहे. या साखळीतल्या बहुतेकांना आपण पाप करतोय असं वाटत नव्हतं. सोनं येतंय, कोणाच्या तरी मुलीच्या लग्नात जाणार, सरकारचा कर बुडाला तर बुडाला. कोकणात तेव्हा कामधंदा काय होता? घरातला एक माणूस मुंबईच्या गिरणीत, एक बोटीवर खलाशी, सत्तरनंतर एक आखातात. गावात मनीऑर्डर यायची. त्यात एका रात्रीच्या हमालीला महिन्याभराची मजुरी मिळत असेल तर 'पोत्यात काय आहे' हे विचारणारा मूर्ख ठरायचा. न विचारणं हाच या कामाचा पहिला नियम होता.

सरकारनं कडक पावलं उचलली नाहीत असं नाही. १९७४ मध्ये 'कोफेपोसा' आला, ज्यात तस्करीच्या संशयावरून खटल्याशिवाय स्थानबद्ध करता येतं. आणीबाणीत मस्तान, बखिया, युसुफ पटेल, सगळे आत होते. १९७६ मध्ये स्मगलरांची मालमत्ता जप्त करणारा 'साफेमा' आला. मोठी नावं तुरुंगात गेली, बाहेर आली, काहींनी धंदा सोडला. त्यांच्या जागी नवी आली. भावातला फरक जागच्या जागी होता, त्यामुळे जागा रिकामी राहत नव्हती. दाऊद इब्राहिम ऐंशीच्या दशकात मुंबईतून दुबईला गेला. मुंबई पोलिसांतल्या हवालदाराचा मुलगा, मूळ गाव खेड तालुक्यातलं मुंबके. पूर्वी स्मगलर मुंबईत बसून दुबईहून माल मागवायचा. आता तो दुबईत बसून फोनवर मुंबई चालवू लागला. भारताचे पोलीस भारताच्या हद्दीत थांबतात. त्याला थांबायचं कारण नव्हतं.

मग कायदाच बदलला. १९९० मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला. रद्द करणारे अर्थमंत्री कोण? प्राध्यापक मधू दंडवते, राजापूरचे खासदार. म्हणजे कोकणाचेच. १९९२ मध्ये मनमोहन सिंग यांनी परदेशातून परतणाऱ्या भारतीयांना शुल्क भरून पाच किलोपर्यंत सोनं आणायची मुभा दिली. ज्या जाकिटासाठी रात्र जागवायची, त्यातलं सोनं आता विमानतळावर पावती घेऊन आणता येत होतं. तस्करी एका दिवसात थांबली नाही, चांदीचा धंदा चालूच होता, पण सोन्यातला जुना नफा आटायला लागला.

म्हणजे १९९२ च्या शेवटी कोकणच्या किनाऱ्यावर काय होतं ते बघा. चाळीस वर्षांत घट्ट बसलेली साखळी. तांडेल, हमाल, ट्रक, चोरकप्पे, मिंधे झालेले अधिकारी. सगळं तयार, आणि ज्या मालासाठी ती उभी राहिली त्या मालाला पूर्वीची किंमत नाही.

तो हिवाळा

६ डिसेंबर १९९२ ला अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली. डिसेंबरात आणि पुन्हा जानेवारीत मुंबईत दंगली झाल्या. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालाप्रमाणे ९०० माणसं मेली, त्यात मुसलमान जास्त होते. स्फोटांचा कट शिजला तो या पार्श्वभूमीवर. हे सांगायलाच हवं, कारण भूगोल कोणाच्या मनात सूड भरत नाही. इच्छा दुसरीकडून आली. शेखाडीनं फक्त सोय पुरवली.

कटाच्या केंद्रस्थानी होता टायगर मेमन. त्याचा मूळ धंदा सोन्या-चांदीची तस्करी. नवीन माणसं शोधायची, नवीन किनारा हुडकायचा, असं काही त्याला करावं लागलं नाही. नेहमीचे लँडिंग एजंट, नेहमीचा किनारा, नेहमीची पद्धत. खटल्यात समोर आलेला एक प्रसंग मी मुद्दाम सांगतो. ९ जानेवारीच्या रात्री दिघीला उतरलेला माल घेऊन ट्रक निघाले, तेव्हा गोंडघर फाट्यावर श्रीवर्धनच्या पोलिसांनी ते अडवले. बरोबर ऐकलंत, पोलिसांनी अडवले होते. मग घासाघीस झाली. लाचेची रक्कम ठरली, पण तेवढी रोकड जवळ नव्हती. म्हणून उरलेल्या पैशांसाठी चांदीच्या विटा तारण ठेवल्या गेल्या आणि ट्रक सोडले.

चांदीच्या विटा तारण! यावरून कळतं की दोन्ही बाजूंना हा व्यवहार किती सवयीचा होता. अडवणाऱ्यांनी आत काय आहे ते तपासलं नाही. कस्टममधल्या लोकांचं तेच. 'आम्हाला वाटलं नेहमीचाच माल आहे' हा बचाव पुढे न्यायालयात झाला, आणि विशेष टाडा न्यायालयानं तो मानला नाही. पोलिसांना शिक्षा झाल्या, कस्टमच्या एका अतिरिक्त कलेक्टर दर्जाच्या अधिकाऱ्याला जन्मठेप झाली. या शिक्षा झालेल्यांची यादी पाहिली तर त्यात एकाच धर्माची माणसं नाहीत.

शेखाडीचा माल आधी, निकालपत्रात 'वांगणी टॉवर' म्हणून उल्लेख आहे अशा एका मनोऱ्याच्या आवारात नेला. तिथे तो चोरकप्पे असलेल्या गाड्यांमध्ये भरला. हे कप्पे चांदीसाठी केलेले. गाड्या मुंबईला गेल्या. यातल्या एका स्फोटाची जागा झवेरी बाजार होती. ज्या वाटेनं चाळीस वर्षं चोरटं सोनं झवेरी बाजारात येत होतं, त्याच वाटेनं त्या वेळी आरडीएक्स आलं आणि तिथेच फुटलं. झवेरी बाजारात मेलेल्यांत हमाल होते, गिऱ्हाइकं होती, रस्त्यानं चाललेली माणसं होती.

अजून एक सीमा या कटात ओलांडली गेली, तीही बघा. मुंबईतल्या काही तरुणांना शस्त्रांचं प्रशिक्षण द्यायला पाकिस्तानात नेलं होतं. पंजाबची किंवा काश्मीरची सीमा चोरून ओलांडून नव्हे. मुंबईहून दुबई, दुबईहून इस्लामाबाद, सरळ प्रवासी विमानानं. इस्लामाबादला पासपोर्टवर शिक्का नाही. परत येताना तसंच. कागदोपत्री ही पोरं दुबईला फिरून आली. सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१३ च्या निकालात पाकिस्तानातल्या या प्रशिक्षणाची आणि तिथल्या यंत्रणेच्या सहभागाची स्पष्ट नोंद केली आहे. ज्या दोन देशांमध्ये कुंपण, खंदक, बंदुका आहेत, त्यांच्यामधली सगळ्यात सोपी वाट तिसऱ्या देशाच्या विमानतळावरून जात होती. जागतिकीकरण म्हणतात ते आपण मॉल आणि मोबाइलमध्ये शोधतो. त्याचा एक आरंभबिंदू मला या न मारलेल्या शिक्क्यात दिसतो.

ऑक्टोबर २००३ मध्ये अमेरिकेच्या अर्थखात्यानं दाऊदला जागतिक दहशतवादी जाहीर केलं. त्यात त्यांचा एक आरोप असा होता की त्यानं आपले तस्करीचे मार्ग अल कायदाला वापरू दिले. वाक्य नीट ऐका. पैसे दिले, माणसं दिली असं नाही, मार्ग दिले. मार्ग ही भाड्यानं देता येणारी मालमत्ता असते. आणि त्याच्या जमिनीचं काय झालं? मुंबके गावातल्या त्याच्या मालमत्ता २०२० मध्ये सरकारनं लिलावात काढल्या, त्या १९७६ च्या त्याच 'साफेमा' कायद्याखाली, जो सोन्याच्या स्मगलरांसाठी केला होता.

पंधरा वर्षांनी

स्फोटांनंतर ऑगस्ट १९९३ मध्ये 'ऑपरेशन स्वान' सुरू झालं. नौदल, तटरक्षक दल आणि कस्टम यांची महाराष्ट्र आणि गुजरातच्या किनाऱ्यावर संयुक्त गस्त. हेतू एकच, पुन्हा शेखाडी होऊ द्यायची नाही. गस्त चालू असतानाच, पंधरा वर्षांनी, नोव्हेंबर २००८ मध्ये कराचीहून दहा जण निघाले. समुद्रात त्यांनी पोरबंदरची 'कुबेर' ही मासेमारी बोट बळकावली. खलाशी मारले, पण तांडेलाला जिवंत ठेवलं, कारण मुंबईपर्यंतचा रस्ता त्याला माहीत होता. मुंबई दिसू लागल्यावर त्यालाही मारलं. २६ तारखेच्या रात्री रबरी बोटीतून ते कुलाब्याजवळ बधवार पार्कच्या मच्छीमार वस्तीत उतरले. तिथल्या लोकांनी त्यांना हटकलं होतं, 'कोण रे तुम्ही' म्हणून. पुढचं तुम्हाला माहीत आहे. १६६ लोक मारले गेले.

१९९३ शी तुलना केली तर फरक डोळ्यात भरतो. या वेळी ना लँडिंग एजंट, ना हमाल, ना गोंडघर फाटा. अरबी समुद्रातला रस्ता दाखवायला हातातलं जीपीएस. बोलायला सॅटेलाइट फोन. हल्ला चालू असताना कराचीहून येणारे आदेश इंटरनेट-कॉलवरून, अमेरिकेतल्या एका कंपनीची सेवा वापरून. किनाऱ्यावरची जी साखळी फोडायला पंधरा वर्षं गस्त घातली, तिची गरजच उरली नव्हती. एक गोष्ट तेवढी तीच राहिली: मासेमारी बोटींच्या गर्दीत एक बोट वेगळी ओळखू येत नाही. हजारो बोटी रोज बाहेर पडतात, रोज येतात. कुबेर त्यातलीच एक दिसत होती.

म्हणून २००८ नंतर सगळी नजर मच्छीमारांवर वळली. बायोमेट्रिक ओळखपत्रं, बोटींना राज्यानुसार रंग, ट्रान्सपाँडर, नवी सागरी पोलीस ठाणी. यातलं बरंचसं गरजेचं होतं, मी नाही म्हणत नाही. पण इथे एक विचित्र अन्याय आहे. गुजरात आणि सिंधच्या मध्ये सर क्रीक नावाची ९६ किलोमीटरची दलदलीची खाडी आहे. तिची हद्द दोन्ही देशांनी अजून ठरवलेली नाही, त्यामुळे तिच्या तोंडापासून समुद्रात जाणारी रेषाही ठरलेली नाही. मासे त्या रेषेची वाट बघत नाहीत. पाळे टाकता टाकता बोट वाहवते आणि समोरची गस्ती नौका पकडून नेते. आपल्या पालघर जिल्ह्यातले, डहाणू-तलासरीकडचे कित्येक जण गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. त्यांतले काही कराचीच्या मलीर तुरुंगात अडकले, वर्षानुवर्षं. काहींचे मृतदेहच घरी आले. पाकिस्तानी मच्छीमार आपल्या तुरुंगात असेच असतात. टायगर मेमन आजवर फरारी आहे. सीमेवर पकडला जातो तो बहुधा जाळं घेऊन गेलेला माणूस.

आणि सोनं? त्याची गंमत अजून चालू आहे. २०१३ मध्ये आयात शुल्क १० टक्क्यांवर नेलं आणि विमानतळावर सोनं पुन्हा सापडू लागलं. पेस्ट करून, पोटात, बॅगेच्या दांड्यात, मिक्सरच्या मोटारीत. २०२२ मध्ये शुल्क १५ टक्के झालं. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात ते ६ टक्क्यांवर आणलं, तेव्हा तस्करीला आळा घालणं हा एक उद्देश उघड बोलला गेला. बोटीची जागा विमानानं घेतली, तांडेलाची जागा एखाद्या बेकार पोरानं, ज्याला फुकट तिकीट आणि थोडे पैसे मिळतात. तुम्हाला कोणी 'दुबईला फिरून ये, येताना फक्त एक बॅग आण' असं म्हणालं तर ती बॅग म्हणजे तेच जुनं जाकीट आहे, हे ओळखा. इन्स्टावर असे मेसेज येतात, म्हणून सांगतोय.

शेवटी पुन्हा श्रीवर्धनला जाऊया. १८ ऑगस्ट २०२२. स्वातंत्र्यदिन नुकताच झालेला, गणपती जवळ आलेले. हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावर एक बेवारस बोट लागली. आत कोणी नाही. तीन एके-४७ रायफली आणि काडतुसं. राज्यभर हाय अलर्ट, नाकाबंदी, टीव्हीवर दिवसभर तेच. ज्यांना १९९३ आठवतं त्यांच्या पोटात गोळा आला असणार. जागा तीच, मालही तोच वाटत होता.

संध्याकाळपर्यंत उलगडा झाला. बोटीचं नाव 'लेडी हान'. मालकी ऑस्ट्रेलियन, निघाली होती मस्कतहून युरोपला. रायफली समुद्री चाच्यांपासून संरक्षणासाठी, एका ब्रिटिश सुरक्षा कंपनीच्या. जूनच्या शेवटी भर समुद्रात इंजिन बंद पडलं, एका कोरियन युद्धनौकेनं माणसांना वाचवून ओमानला पोहोचवलं, आणि बोट तशीच सोडली. पुढचे दोन महिने पावसाळी वारा आणि प्रवाह तिला ढकलत राहिले, ओमानपासून थेट रायगडपर्यंत. जुनी गलबतं मोसमी वारा धरून याच दिशेनं यायची.